वाण एकच, बॅगा वेगळ्या: जावाचा परवाना बदलतो तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरचं काय होतं?

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, पण जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी त्याचा संबंध थेट पोचतो. कॉलेजच्या ग्रंथालयात, टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराच्या टेबलावर, कारखान्याच्या ऑफिसात असं एक सॉफ्टवेअर असतंच, जे "मोफत आहे, काही अडचण नाही" म्हणून बसवलेलं असतं. आपला प्रश्न एवढाच आहे: ते मोफत म्हणजे नेमकं काय मोफत? आणि ते ज्याच्या आधारावर चालतं, त्याचे नियम मध्येच बदलले तर काय होतं?

त्या आधाराला संगणकाच्या भाषेत रनटाइम म्हणतात. आज आपण मुख्यतः एकाच रनटाइमबद्दल बोलू, तो म्हणजे जावा. कारण परवाना आणि देखभाल या दोन्ही गोष्टी सगळ्यात जास्त वेळा, आणि सगळ्यात जास्त लोकांना चटका लावतील अशा, बदलल्या त्या जावाच्याच.

रनटाइम म्हणजे काय

प्रोग्रॅमर जावामध्ये प्रोग्रॅम लिहितो. तो प्रोग्रॅम विंडोज किंवा लिनक्स यांच्याशी थेट बोलत नाही. मध्ये एक दुभाषी असतो. प्रोग्रॅम दुभाष्याला सांगतो, दुभाषी मशीनला सांगतो. हा दुभाषी म्हणजे रनटाइम. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जावा जगापुढे आणली तेव्हा तिचं आश्वासनच असं होतं की प्रोग्रॅम एकदा लिहा आणि कुठल्याही मशीनवर चालवा. ते शक्य झालं ते या दुभाष्यामुळे.

पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. दुभाषी नसेल तर प्रोग्रॅम मुका आहे. तुमच्या प्रोग्रॅमचा कोड पूर्ण खुला असेल, तुमच्याकडे त्याची प्रत असेल, तरी दुभाषी दुसऱ्याचा असतो. त्याचा परवाना वेगळा, त्याची मुदत वेगळी.

आता आपल्या भागातलं उदाहरण. जळकोट, उदगीर, अहमदपूर, लातूर हा सगळा पट्टा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. इथला विद्यार्थी पीएच.डी. करतो, प्रबंध लिहितो. पूर्वी तो प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात कपाटात जायचा आणि तो वाचायला नांदेडला जावं लागायचं. आता तो शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात जातो. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. जळकोटच्या पोरानं मोबाइलवर शोधलं तरी प्रबंध सापडतो.

शोधगंगा चालते डीस्पेस नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर. अमेरिकेतल्या एमआयटीची ग्रंथालयं आणि एचपी कंपनी यांनी मिळून ते २००२ साली प्रसिद्ध केलं. देशभरातल्या कितीतरी विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी आपापली छोटी भांडारंही त्यावरच उभी केली आहेत: जुन्या प्रश्नपत्रिका, नियतकालिकं, दुर्मिळ पुस्तकांची स्कॅन. डीस्पेस मोफत आहे, कोड खुला आहे. आणि ते लिहिलंय जावामध्ये. म्हणजे मराठवाड्यातल्या संशोधकाचं चार-पाच वर्षांचं काम लोकांपर्यंत पोचतं, त्या वाटेवर जावाचा दुभाषी उभा आहे.

वाण, बॅग आणि हमी

परवान्याचा गोंधळ समजून घ्यायचा तर आपण सोयाबीनकडे जाऊ. लातूर जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको.

सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे. एकदा चांगला वाण शेतात आला की घरचंच बियाणं राखून दोन-तीन वर्षं पेरता येतं. कृषी विभागही दरवर्षी सांगतो की घरचं बियाणं वापरा, फक्त पेरणीआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले की पेरायला हरकत नाही. दुसरीकडे कृषी केंद्रात त्याच वाणाची टॅग लावलेली बॅग मिळते. तिला किंमत असते. त्या किमतीत निवडलेलं, प्रक्रिया केलेलं बियाणं येतं आणि नाही उगवलं तर तक्रार करायला जागा असते.

म्हणजे तीन गोष्टी झाल्या. एक, वाण. दोन, बॅग. तीन, हमी. तिन्ही वेगळ्या आहेत.

जावाचंही अगदी तसंच आहे. वाण म्हणजे सोर्स कोड. बॅग म्हणजे त्या कोडपासून बनवलेली, थेट मशीनवर बसवता येईल अशी तयार प्रत. हमी म्हणजे त्या तयार प्रतीला पुढं सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षं मिळणार. आणि गोणपाटावरच्या उगवण चाचणीसारखी एक चाचणीही आहे, तिला टीसीके म्हणतात. कुणीही बनवलेली जावा खरोखर जावासारखी वागते की नाही, हे ती तपासते.

"जावा पेड झाली" असं आपण ऐकतो, तेव्हा विचारायचं: वाण पेड झाला, बॅग पेड झाली, की हमी? बहुतेक वेळा उत्तर असतं की एका दुकानातली बॅग पेड झाली. वाण तिथंच आहे.

वाण मोकळा कसा झाला

सुरुवातीला जावाचा वाण सनच्या ताब्यात होता. डाउनलोड फुकट होतं, पण कोड मोकळा नव्हता. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची पंचाईत व्हायची. आपला प्रोग्रॅम मुक्त, पण तो चालवायला बंद दुभाषी लागतो. नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जावाचा कोड जीपीएल परवान्याखाली मोकळा करायची घोषणा केली आणि २००७ पासून ओपनजेडीके नावाने तो लोकांच्या हाती आला. जीपीएलसोबत एक सवलतही दिली: या दुभाष्यावर चालणाऱ्या तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमला जीपीएल लागू होणार नाही. ही सवलत महत्त्वाची. ती नसती तर बँका आणि कंपन्या घाबरून लांब राहिल्या असत्या.

जीपीएलचा एक गुण असा की ज्या कोडची प्रत त्याखाली तुमच्या हाती आली, तिचा हक्क मागाहून काढून घेता येत नाही. पुढची आवृत्ती वेगळ्या अटींवर येऊ शकते, पण जे दिलं ते दिलं. आजच्या सगळ्या चर्चेचा पाया हाच आहे.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. वाण मोकळाच राहिला, पण दुकानाचा मालक बदलला. त्याचे परिणाम लगेच दिसायला लागले.

पहिला परिणाम चाचणीवरून. अपाची फाउंडेशन हार्मनी नावाची स्वतंत्र मुक्त जावा बनवत होतं. टीसीके वापरू द्या, पण आमच्या वापरकर्त्यांवर बंधनं घालू नका, ही त्यांची मागणी सनच्या काळापासूनची होती. ती मान्य झाली नाही. डिसेंबर २०१० मध्ये अपाची जावाच्या समितीतून बाहेर पडलं आणि पुढच्या वर्षी हार्मनी प्रकल्प बंद झाला. बघा, कोड लिहायला कुणी अडवलं नव्हतं. उगवण चाचणीचा दाखला मिळाला नाही, म्हणून अख्खा प्रकल्प संपला.

दुसरा परिणाम २०११ चा. डेबियन, उबुंटू अशा लिनक्स वितरणांना सनची तयार बॅग आपल्यासोबत वाटायची मुभा देणारा एक खास परवाना होता. ओरॅकलने तो बंद केला. आता ओपनजेडीके आहे, तेच वाटा, असं त्यांचं म्हणणं. उबुंटूने सनची जावा काढून टाकली. ज्यांनी मशीनवर ती डोळे झाकून बसवली होती, त्यांना एक दिवस कळलं की तिला आता दुरुस्ती मिळणार नाही. चिडचिड झाली, पण एक चांगलं झालं. लिनक्सवाल्यांनी त्यानंतर मोकळ्या वाणावरच भरवसा ठेवायची सवय लावून घेतली. विंडोजवाल्यांना तीच सवय लावायची वेळ आठ वर्षांनी आली.

२०१९ ते २०२३: बिल कसं बदललं

आता मुख्य बदलांकडे येऊ. तारखा थोड्या सावकाश ऐका.

जावा ८ ही आवृत्ती जगभर सगळ्यात जास्त पसरली. जानेवारी २०१९ नंतर ओरॅकलने व्यावसायिक वापरासाठी तिच्या मोफत दुरुस्त्या थांबवल्या. एप्रिल २०१९ पासून ओरॅकलच्या नव्या बॅगेवर नवा परवाना लागला: घरगुती वापराला आणि प्रोग्रॅम लिहिण्या-तपासण्याला मोफत, संस्थेच्या रोजच्या कामाला पैसे. तुमच्या विंडोजवर कॉफीच्या कपाचं चित्र असलेली अपडेटची खिडकी यायची आणि आपण वाचता न वाचता "होय" दाबायचो ना? त्या एका दाबण्यात परवाना बदलत होता.

त्या काळात दर कसा होता? यादीतला भाव म्हणजे डेस्कटॉपवर एका वापरकर्त्यामागे महिन्याला अडीच डॉलर. जेवढी मशीनं, जेवढे वापरणारे, तेवढं बिल.

सप्टेंबर २०२१ मध्ये जावा १७ आली आणि ओरॅकलने एक पाऊल मागं घेतलं. ही बॅग कंपनीच्या कामालाही मोफत, पण मुदतीपुरती: पुढची दीर्घ मुदतीची आवृत्ती आल्यावर एक वर्षापर्यंत. ती पुढची आवृत्ती, जावा २१, सप्टेंबर २०२३ मध्ये आली. म्हणजे सप्टेंबर २०२४ नंतर जावा १७ ला येणाऱ्या ओरॅकलच्या दुरुस्त्या पुन्हा पैशांच्या परवान्यात गेल्या. मोफत आहे, पण त्याला एक्सपायरी आहे, आणि ती तारीख डब्यावर ठळक छापलेली नसते.

आणि जानेवारी २०२३ मध्ये दराची पद्धतच बदलली. आता मशीन मोजायची नाहीत, माणसं मोजायची. संस्थेत जेवढे कर्मचारी, तेवढ्यांमागे पैसे, मग ते जावा वापरोत की न वापरोत. अर्धवेळ, हंगामी आणि संस्थेचं आतलं काम करणारे कंत्राटी लोकही त्यात धरायचे. ९९९ पर्यंत कर्मचारी असतील तर माणशी महिन्याला १५ डॉलर हा यादीतला भाव.

हिशोब करून बघू. समजा एक साखर कारखाना आहे, चारशे माणसं कामाला. ओरॅकलची जावा आहे फक्त चार डेस्कटॉपवर. जुन्या पद्धतीने चार गुणिले अडीच गुणिले बारा, म्हणजे वर्षाला १२० डॉलर. नव्या पद्धतीने चारशे गुणिले पंधरा गुणिले बारा, म्हणजे ७२,००० डॉलर. वजनकाट्यावरचा माणूस, ऊस तोडणीचा हिशोब ठेवणारा, गेटवरचा वॉचमन, सगळे जावाचे ग्राहक ठरले.

आता यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. एक, "कंपनीने लुबाडलं." दुसरी, "आपल्याला कोण विचारतंय?" दोन्ही सोडून द्या. जावाच्या विकासाचा मोठा भार आजही ओरॅकलचे इंजिनिअर उचलतात आणि तो कोड ओपनजेडीकेत खुला येतो. कंपनी आपल्या बॅगेचा भाव ठरवते, तो तिचा हक्क. आपला हक्क असा की त्याच वाणाची दुसरी बॅग घ्यावी. हे ज्याला माहीत आहे त्याचा खर्च शून्य, ज्याला माहीत नाही त्याला बिल. फरक माहितीचा आहे.

खरा फटका बिलाचा नाही

इथपर्यंत ऐकून वाटेल की दुसरी बॅग घेतली की विषय संपला. कारखान्यापुरता कदाचित संपेल. पण मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं आणि जपणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांना बिल येत नाही, त्यांना काम येतं.

तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं. २०१७ पासून जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येऊ लागली. सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मध्ये बरंच जुनं सामान काढून टाकलं. ब्राउझरमध्ये चालणारी जावा गेली, वेब स्टार्ट गेलं, एक्सएमएलचे काही भाग गेले, जावाएफएक्स वेगळं झालं. ब्राउझरमधल्या जावाचा अनुभव टेंडर भरणाऱ्यांना आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-निविदा संकेतस्थळावर डिजिटल सही करायला मशीनवर जावा असावी लागायची. पण क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ती जोडणीच बंद केली. मग टेंडरसाठी जुना ब्राउझर आणि जुनी जावा असलेलं एक मशीन राखून ठेवायची पद्धत पडली. सहीसारख्या नाजूक कामाला सगळ्यात जुनं, दुरुस्ती बंद झालेलं मशीन! पुढं सहीसाठी स्वतंत्र प्रोग्रॅम आले, पण मधली वर्षं तशीच गेली.

दुसरं उदाहरण नावाचं आहे. मोठे सर्व्हर प्रोग्रॅम लिहिण्यासाठी जावाचा एक विस्तार होता, जावा ईई. २०१७ मध्ये ओरॅकलने तो एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवला. कोड दिला, पण "जावा" हे नाव ट्रेडमार्क, ते दिलं नाही. म्हणून त्याचं नाव जकार्ता ईई ठेवलं. इथवर ठीक. पण कोडच्या आत हजारो ठिकाणी "जावाएक्स" असा शब्द होता. तो शब्द ठेवून पुढं बदल करण्याबाबत दोघांचं जुळलं नाही, आणि २०२० च्या अखेरीस तो सगळीकडे "जकार्ता" असा बदलला. एका शब्दाचा बदल, पण जगभरातल्या प्रकल्पांना आपापला कोड उघडून तो करावा लागला. शिवाय तुम्ही ज्या दहा जणांचा कोड वापरता, त्या दहांनीही तो करायला हवा. एक मागं राहिला की गाडी अडली. कुणी नवी सोय मागितली नव्हती, कुठली चूक सुधारायची नव्हती. सगळं एका नावाच्या हक्कापायी.

तिसरं उदाहरण आपलं डीस्पेस. आवृत्ती ६ जावा ७ किंवा ८ वर चालायची. ऑगस्ट २०२१ च्या आवृत्ती ७ ला जावा ११ लागते. २०२४ च्या आवृत्ती ८ ला जावा १७. डीस्पेसवाल्यांनी हौसेने असं केलं का? नाही. डीस्पेस उभं आहे स्प्रिंग नावाच्या सांगाड्यावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं, त्याला जावा १७ च लागते. जुन्या स्प्रिंगच्या मोफत दुरुस्त्या वर्षभरात थांबल्या. स्प्रिंग पुढं गेलं म्हणून डीस्पेसला जावं लागलं, आणि डीस्पेस गेलं म्हणून ते वापरणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला, प्रत्येक कॉलेजला.

बैलगाड्यांची माळ डोळ्यांपुढं आणा. पुढची हलली की मागच्यांनी हलायचं, नाहीतर जुपणी तुटते. आणि माळेच्या सगळ्यात शेवटी कोण असतं? तालुक्याच्या कॉलेजातलं ग्रंथालय.

शेवटच्या गाडीवर काय येतं

समजा अशा एका कॉलेजने दहा वर्षांपूर्वी डीस्पेस बसवलं. बसवणारा मुलगा हुशार होता, नंतर नोकरीला पुण्याला गेला. भांडार चालू आहे. ग्रंथपाल मॅडम त्यात दरवर्षी भर घालतात. सर्व्हरवर जावा ८ आहे, डीस्पेस ६ आहे. डीस्पेस ६ ची देखभाल २०२३ मध्ये थांबली.

आता पुढच्या आवृत्तीत जायचं तर नुसती जावा बदलून भागत नाही. आवृत्ती ७ मध्ये वाचकाला दिसणारा सगळा दर्शनी भाग नव्याने लिहिला आहे. त्याला नोड हा दुसराच रनटाइम लागतो, म्हणजे आता दोन दुभाषी, दोन कॅलेंडरं. जुन्या भांडारात मराठी मथळे, कॉलेजचं बोधचिन्ह, विभागांची मांडणी जे काही हाताने केलं होतं, ते पुन्हा करावं लागतं. सर्व्हरही जास्त मेमरीचा हवा.

हे कोण करणार? त्याचे पैसे कुठल्या हेडखाली टाकणार? सॉफ्टवेअर "मोफत" म्हणून मंजूर झालेलं, त्यामुळे देखभालीची तरतूद शून्य. म्हणून बहुतेक ठिकाणी एकच निर्णय होतो: चाललंय तोवर चालू द्या.

हा निर्णय आळशीपणाचा नसतो, नाइलाजाचा असतो. पण धोका खरा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या जावाच्या एका छोट्या मुक्त भागात मोठं भगदाड सापडलं. त्यातून बाहेरचा माणूस सर्व्हरचा ताबा घेऊ शकत होता. जगभर धावपळ झाली. दुरुस्ती निघाली ती नव्या जावासाठी. पण जावा ७ आणि अगदी जावा ६ वर अडकलेले लोक होतेच. त्यांच्यासाठी अपाचीच्या लोकांना जुन्या आवृत्तींची वेगळी दुरुस्ती काढावी लागली. ओरॅकलने जावा ६ च्या जाहीर दुरुस्त्या २०१३ मध्येच थांबवल्या होत्या. म्हणजे रनटाइमची मुदत संपून आठ वर्षं झाली, तरी तिचं ओझं मुक्त प्रकल्पाच्या डोक्यावर होतं. दर वेळी असं कुणी करेल याची खात्री नाही.

आणि सर्व्हर गेला तर जातं काय? प्रबंध शोधगंगेत असेल तर तो वाचेल. पण कॉलेजच्या नियतकालिकाचे जुने अंक, गावच्या इतिहासाची स्कॅन केलेली कागदं, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, ती जातात.

मोफत बॅग कोण भरतं?

मघाशी म्हटलं, दुसरी बॅग घ्या. ती भरतं कोण, हेही माहीत असायला हवं. एक्लिप्स फाउंडेशनच्या अडॉप्टियम गटाची टेमुरिन नावाची बॅग आहे. आधी हाच गट अडॉप्टओपनजेडीके नावाने ओळखला जायचा, २०२१ मध्ये तो एक्लिप्सकडे आला, आणि आता त्यांच्याकडे टीसीकेचा दाखलाही आहे. जो हार्मनीला मिळाला नव्हता, तोच. अॅमेझॉनची कोरेटो आहे, मायक्रोसॉफ्टची आहे, उबुंटू-डेबियनची स्वतःची आहे. वाण सगळ्यांचा एक.

२०१९ मध्ये ओरॅकलने जावा ८ आणि ११ च्या दुरुस्तीची सार्वजनिक जबाबदारी सोडली, तेव्हा ओपनजेडीकेत ती रेड हॅटच्या इंजिनिअरांनी पुढं उचलली. म्हणून आजही जुन्या आवृत्तींना दुरुस्त्या मिळतात. पण हेही पगारी लोकांचं काम आहे. त्यांच्या कंपन्यांना त्याची गरज आहे तोवर ते होईल. कोड खुला असल्यामुळे कुणीतरी पुढं येऊ शकतं. कुणी येईलच, असं परवान्यात लिहिलेलं नसतं.

मग आपण काय करायचं?

यासाठी मोठा तज्ज्ञ लागत नाही. कॉलेजच्या संगणक विभागाला एका दुपारी सुरुवात करता येईल.

पहिलं, नोंद. प्रत्येक मशीनवर आणि सर्व्हरवर जावा आहे का, कुठल्या आवृत्तीची आणि कुणाची, हे वहीत लिहा. कमांडच्या खिडकीत आवृत्ती विचारली की जावा ते स्वतः सांगते. एका मशीनवर दोन-तीन जावा सापडल्या तर नवल वाटून घेऊ नका.

दुसरं, गरज. कुठला प्रोग्रॅम ती वापरतो? कुठलाच नसेल तर काढून टाका. अर्धा प्रश्न इथंच सुटतो.

तिसरं, बदली. ओरॅकलची बॅग असेल आणि मुद्दाम विकत घेतलेली नसेल, तर त्याच क्रमांकाची टेमुरिन किंवा लिनक्सची जावा बसवा. जावा ८ च्या जागी ८, ११ च्या जागी ११. क्रमांक बदलू नका, फक्त दुकान बदला. बहुतेक प्रोग्रॅमना फरक कळतही नाही. जुने, ब्राउझरमधून किंवा वेब स्टार्टने चालणारे मात्र अडतील, ते आधी तपासा.

चौथं, मुदत. प्रत्येक नोंदीपुढं तिच्या दुरुस्त्या कधीपर्यंत आहेत ती तारीख लिहा. विम्याची तारीख लक्षात ठेवतो, तशी.

पाचवं, क्रमांक बदलायची वेळ आलीच तर आधी दुसऱ्या मशीनवर प्रत काढून करून बघा, आणि तिथं मराठी तपासा. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. जावा ९ मध्ये अक्षरं जुळवणारं इंजिन बदललं, म्हणजे डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं वेगळी दिसू शकतात. जावा १८ पासून फाइल वाचण्याची मूळ पद्धत यूटीएफ-८ झाली. आपल्यासाठी हे चांगलंच आहे, पण विंडोजवर जुन्या पद्धतीने साठवलेल्या फाइली नव्या जावाने चुकीच्या वाचल्या जाऊ शकतात. "श्री", "र्‍हास", "ज्ञानेश्वर" असे शब्द टाकून बघा, शोधून बघा, छापून बघा. इंग्रजी नीट दिसलं म्हणजे झालं, असं समजू नका.

सहावं, प्रत. भांडारातल्या मूळ फाइली आणि त्यांची माहिती सर्व्हरबाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवा. सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येतं. स्कॅन केलेली वही पुन्हा सापडेलच असं नाही.

आणि सातवं, पैसे. पुढच्या वेळी मोफत सॉफ्टवेअरचा प्रस्ताव कराल तेव्हा परवान्याच्या रकान्यात शून्य लिहा, पण खाली देखभालीचा रकाना कोरा ठेवू नका. वर्षातून काही दिवसांचं माणसाचं काम त्यात धरा. एकट्या कॉलेजला जमत नसेल तर शेजारच्या चार कॉलेजांनी मिळून एक सर्व्हर आणि एक माणूस ठेवावा. एका विहिरीवर चार भावांचं पाणी चालतंच की, पाळी ठरली पाहिजे एवढंच.

एक शंका नेहमी येते: मग जावाच सोडून द्यावी का? दुसऱ्या भाषेत ही कटकट नसेल ना? असते. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली आणि त्यावरच्या प्रकल्पांना पायथन ३ वर जाताना बरीच वर्षं घाम गाळावा लागला. तिथं तर परवान्याचा प्रश्नही नव्हता. खेळ बनवणाऱ्या युनिटी कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे रनटाइमचं शुल्क जाहीर केलं, गदारोळ झाला, वर्षभराने ते मागं घेतलं. तिथं वाण मोकळा नव्हता, म्हणून विनवणी करणं किंवा सोडून जाणं एवढेच मार्ग होते. जावावाल्यांकडे तिसरा मार्ग होता, दुसरी बॅग. २००६-०७ मध्ये मोकळा केलेला वाण पुढं कामाला आला.

तर मंडळी, मुक्त परवाना आपल्याला जायचा हक्क देतो, जायचं भाडं देत नाही. भाडं म्हणजे वेळ, माणूस आणि थोडी शिस्त. ती आपल्यालाच भरायची आहे, आणि ती ७२,००० डॉलरपेक्षा पुष्कळ कमी आहे. उद्या सकाळी कॉलेजात गेलात की निदान पहिली पायरी करा: वही उघडा आणि कुठल्या मशीनवर कुणाची जावा आहे ते लिहून काढा.